रोल १ ते ८: कॅमेरा निर्दोष होता, पाणी गरम होतं

जानेवारीत ठरवलं की या वर्षी नवा जुना कॅमेरा घ्यायचा नाही. कपाटात सहा आहेत. त्यातली याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन वर्षभर वापरायची, फिल्मही एकच, इलफर्ड एचपी५ प्लस, ४०० वरच (फिल्म उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते त्याचा आकडा), आणि रोल ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बाथरूममध्येच धुवायचे, म्हणजे डेव्हलप करायचे. दिवाळीपर्यंत आठ रोल झाले. त्यातले पहिले चार कसे गेले हे जरा सविस्तर लिहिते, कारण उन्हाळ्यात घरी रोल धुणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येत असणार.

रोल १ आणि २ जानेवारीतले. चेंदणी कोळीवाडा आणि मासुंदा तलावाचा काठ. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, आयडी-११, एकास एक पाणी घालून, १३ मिनिटं, इलफर्डच्या तक्त्यात २० अंशांसाठी आहेत तशी. थर्मामीटर घेतलेला नव्हता. निगेटिव्ह थोड्या दाट, म्हणजे जास्त काळ्या आल्या, पण कोळीवाड्यातल्या जाळ्यांच्या गाठीसुद्धा मोजता येत होत्या. पद्धत बसली असं मी धरून चालले.

रोल ३, गुढीपाडवा. कोपिनेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत सकाळी दोन तास उभी होते. इतक्या जवळून ढोलवाल्या मुली मी आधी कधी टिपल्या नव्हत्या. रात्री रोल धुतला, दोरीवर लावला, दिव्यासमोर धरला, तर पांढऱ्या फेट्यांच्या जागी नुसते काळे ठिपके. फेट्यांच्या घड्या नाहीत, उन्हातल्या चेहऱ्यांवर नाकडोळे नाहीत. स्कॅन करून पाहिलं, हाती काही लागलं नाही. छत्तीस फ्रेमपैकी सावलीतल्या पाच वाचल्या.

माझा संशय थेट याशिकावर गेला, आणि त्याला कारण होतं. या कॅमेऱ्यात आपण अ‍ॅपर्चर ठरवायचं (लेन्सच्या भोकाचा आकार), शटरचा वेग आतलं सर्किट ठरवतं, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. आत रबराचा एक इवलासा पॅड असतो. तो जुना होऊन भुगा झाला की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बिघडतं, बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूला. ओळखायची खूण म्हणजे फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढल्यावर येणारा 'खट्' आवाज. पॅड गेला की तो येत नाही. माझ्या कॅमेऱ्यात तो येतो, पण दबका. शिवाय बॅटरीचा प्रश्न होताच. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, मी अ‍ॅडॉप्टरमध्ये ६ व्होल्टची ४एलआर४४ घालते. म्हणजे एकाच कॅमेऱ्यात दोन संशयित.

कॅमेरा आणि निगेटिव्ह दोन्ही घेऊन मुंबईला फोर्टात गेले. बोरा बाजाराच्या बाजूला एक वयस्कर कारागीर बसतात. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून लिव्हर तीनदा ओढला आणि म्हणाले, "पॅड कुणीतरी बदललाय आधीच. आवाज बरोबर आहे." मग निगेटिव्ह मागितली. एकही फोटो न बघता त्यांनी तिची कड खिडकीकडे धरली.

"ताई, कडेचे आकडे बघितलेत का?"

मी कधीच बघितले नव्हते. फिल्मच्या कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं, ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं. कॅमेऱ्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ते उमटतं फक्त डेव्हलपरमुळे. आकडे नीट आणि फोटो काळे, तर दोष एक्स्पोजरचा. आकडेही फुगून काळे झाले असतील, तर दोष धुण्याचा. माझ्या आकड्यांच्या कडा पसरल्या होत्या. "पाणी किती गरम होतं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. परत येताना ठाणे लोकलमध्ये मी रोल १ आणि ३ च्या कडा शेजारी धरून बघत बसले. फरक इतका ढळढळीत होता की तो मला आधी कसा दिसला नाही याचं वाईट वाटलं.

थर्मामीटर आणला. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ३१ अंश. पाडव्याच्या रात्री फार तर २९ असेल असं धरलं. आता हिशेब बघा. इलफर्डचा ठोकताळा असा आहे की २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३ पुरतात. म्हणजे दर तीन अंशांना वेळ पाऊणपट. १३ मिनिटांची २३ ला पावणेदहा होतात, २६ ला सव्वासात, २९ ला जेमतेम साडेपाच. मी पूर्ण १३ दिली होती. गरजेच्या दुपटीहून जास्त.

रोल ४, मे. हट्टाने २० अंश गाठायला गेले. डेव्हलपर फ्रिजमध्ये ठेवून बरोबर २० वर आणला आणि टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यात, ओतला. टँक, फिल्म गुंडाळायचं रील, बाथरूम सगळं तापलेलं. १३ मिनिटांनी बाहेर काढून मोजला तर २५. हायपो, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन, तर ३१ वरच होता. निगेटिव्ह पाडव्याच्या रोलपेक्षा बरी, पण तिच्यावरून पुढच्या रोलसाठी काहीच शिकता येईना, कारण नेमक्या किती अंशांना धुतली हेच सांगता येत नव्हतं.

तिथे मी २० चा नाद सोडला. पुस्तकातले २० अंश थंड देशांतल्या नळाला सोयीचे. आपल्याला वर्षातले नऊ महिने झेपेल असा आकडा हवा, आणि तो २४ निघाला. आमच्या फ्रिजमधलं पाणी ६ अंशांचं असतं, नळाचं ३०. एक भांडं फ्रिजचं, तीन नळाची, झाले २४. आजीचं पितळी घंगाळ माळ्यावर पडून होतं, ते काढलं. त्यात हे पाणी भरायचं आणि डेव्हलपर, हायपो, धुवायच्या पाण्याच्या बाटल्या, रिकामा टँक, सगळं अर्धा तास त्यात उभं करायचं. पारा चढायला लागला की पिशवीत बांधलेले बर्फाचे दोन-तीन खडे सोडायचे. २४ ला वेळ ९ मिनिटं. डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला तर मूळची साडेसात मिनिटं पाचवर येतात, आणि इतक्या कमी वेळात फिल्म एकसारखी डेव्हलप होण्याची खात्री नसते. म्हणून एकास एकच बरं.

रोल ५ पासून कडेचे आकडे एकसारखे आहेत. हे वाक्य लिहिताना फार बरं वाटतंय.

रोल ६ जुलैतला, उपवन तलाव. धुणं बरोबर, पण पावसाळी हवेत प्लास्टिकचं रील दमट झालं आणि चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म रीलवर भरायची पिशवी) हाताला घाम. फिल्म मध्येच अडकली, मी जोर लावला, चार फ्रेमवर चंद्रकोरीसारखे वळ उमटले. तेव्हापासून रील आधी हेअर ड्रायरने कोरडं करते आणि फिल्म एसी लावलेल्या खोलीत भरते.

रोल ७ याशिकाचा नाही, तेवढा नियम मोडला. मामाने आग्फा क्लिक थ्री दिला, बडोद्याला बनलेला, १२० च्या रुंद रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. मामा त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल घालायचा. शटर एकच आणि संथ, त्यामुळे ४०० ची फिल्म त्याला उन्हात सोसत नाही. एफपी४ प्लस घातली, १२५ ची, आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारी गडकरी रंगायतनपासून तलावपाळीला एक चक्कर मारली. २० ची ११ मिनिटं २४ ला साडेसात. मधोमध धारदार आणि कोपऱ्यांकडे विरघळत जाणारी ती चित्रं मला याशिकाच्या कुठल्याही फ्रेमपेक्षा प्रिय आहेत. क्लिकचं चामड्याचं कव्हर मात्र वेगळं काढून ठेवलंय. आपल्या हवेत बुरशी तिथूनच लेन्सवर चढते. सगळे कॅमेरे आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आहेत, आतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के.

शेवटी हायपो धुवून काढायच्या पाण्याबद्दल थोडं. पाणीकपातीच्या दिवशी मी इलफर्डचीच पद्धत वापरते: टँक भरून पाच वेळा उलटायचा, पाणी ओतायचं, पुन्हा भरून दहा वेळा, मग वीस. तीन टँक पाण्यात रोल स्वच्छ होतो. हायपो मात्र हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा.

रोल ८, दिवाळी पहाट, राम मारुती रोड. अ‍ॅपर्चर १.७ वर उघडं, उजेड दिव्यांचा आणि नुकत्या फटफटलेल्या आभाळाचा. एका मुलीने मोगऱ्याचे गजरे घातले होते. निगेटिव्हवर ती फुलं काळी दिसतात, पण पाकळी पाकळी वेगळी आहे. पाडव्याच्या फेट्यांत हेच हरवलं होतं.

रोल ९ कॅमेऱ्यात आहे, चौदा फ्रेम झाल्या. जानेवारीत पहाटे पाचला टाकीचं पाणी मोजणार आहे. पहिले दोन रोल नेमके किती अंशांना धुतले गेले असतील याचा अंदाज तेव्हा येईल. पारा २४ च्या खाली असेल तर घंगाळात बर्फाऐवजी कढत पाण्याचा तांब्या ओतावा लागेल.