वनरक्षक भरती: माझी पदवी कुणी विचारलीच नाही

जून 2023 मध्ये वनविभागाची जाहिरात आली. वनरक्षकाच्या 2138 जागा. मी तेव्हा बी.ए. होऊन घरीच होते. जाहिरात तीनदा वाचली. अनुभवाची अट कुठेच नाही, पदवीचीही नाही. हवी होती बारावी, आणि तिच्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांतला निदान एक विषय. सोपा जातो म्हणून कलाशाखेत घेतलेला भूगोल असा कामी आला.

शेजारचा पोरगा माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळतो. पण त्याने दहावीनंतर आयटीआय केलं, बारावी नाही. त्याचा अर्ज भरायच्या आधीच संपला. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मात्र दहावी पुरते. पेठ तालुक्यातली माझी मैत्रीण त्यात बसली. पानावरून झाड सांगणारी मुलगी ती, मी अजून साग आणि पळसापुढे गेलेले नाही. मला ती सवलत योग्यच वाटते.

ऑनलाइन परीक्षेचं फार काही सांगण्यासारखं नाही. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. 60 प्रश्न, 120 गुण, दोन तास. 45 टक्क्यांच्या खाली गेलात तर पुढचं दार बंद.

खरी दमछाक कागदांनी केली. दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं, बारावीच्या गुणपत्रिकेत ते गळलेलं. तपासणीच्या टेबलावर साहेब म्हणाले, "ही दोन माणसं झाली, ताई." प्रतिज्ञापत्र करून आणण्यात दोन दिवस गेले. अर्ज भरतानाच सगळ्या कागदांवरची नावं अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहा, आणि आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदतही.

उंचीची धास्ती वेगळीच. मुलींना 150 सेंटिमीटर लागते. घरी चौकटीवर खुणा करून मोजायचे तर सकाळी भरायची, संध्याकाळी दोन-तीन मिलिमीटर कमी. माझा नंबर सकाळी लागला, एवढं नशीब.

मुलींना धावायचं 3 किलोमीटर, मुलांना 5, आणि त्याला तब्बल 80 गुण. वेळ जितका कमी, तितके गुण जास्त. म्हणजे लेखीत मागे राहिलेली पोरगी इथे सहज पुढे जाते, हे मला उशिरा उमगलं. पहाटे पाटाच्या कडेने पळायचे, मागून भाऊ मोटारसायकलचा दिवा दाखवत यायचा. काकू रोज विचारायची, "पोलीस भरती का गं?" शेवटी हो म्हणून टाकलं.

निवड यादीत नाव आल्यावर चालण्याची चाचणी. मुलांना चार तासांत 25 किलोमीटर, आम्हाला 16. गुण नाहीत, पण पूर्ण केलीच पाहिजे. ऐकायला भयंकर वाटतं. आमच्याकडच्या बाजाराला जाणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन याच वेगाने चालतात. मला त्रास झाला तो नव्या बुटांचा. दहाव्या किलोमीटरला टाच सोलली. जुनेच बूट घाला.

आता प्रशिक्षण संपलंय, नियतक्षेत्र, म्हणजे राखायचा जंगलाचा तुकडा, मिळालंय. शेजारच्या पोराने बारावीची परीक्षा बाहेरून द्यायला 17 नंबरचा फॉर्म भरलाय. परवा येऊन माझं भूगोलाचं पुस्तक घेऊन गेला.