दारामागचा पिवळा स्टिकर: बोटीसाठी ट्रक घेतानाचा अनुभव

अठ्ठावीस फुटी पॉवरबोट ओढायला ट्रक कुठला घ्यावा, याचं उत्तर अमेरिकेतला कुठलाही सेल्समन अर्ध्या मिनिटात देतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या उत्तराचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

बोटीच्या वजनाचा हिशोब घरबसल्या झाला. कॅटलॉगात ५,९०० पौंड होते, पण ते इंजिनं, इंधन, सामान सगळं वगळून. मागच्या बाजूला लावायची ३०० अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिनं धरा साधारण १,२००. टाकी १८० गॅलनची आणि पेट्रोल गॅलनला सहा पौंडांच्या आसपास, म्हणजे आणखी १,१००. पाणी, बॅटऱ्या, नांगर, साखळी, लाइफ जॅकेटं मिळून ६००. तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर २,२००. बेरीज ११,००० पौंड. बोटीची रुंदी साडेआठ फूट असल्यामुळे रस्त्यावरून नेण्याच्या परमिटची भानगड नव्हती. त्याहून रुंद बोट घेणार असाल तर ट्रक राहू द्या, आधी तुमच्या राज्याचे नियम बघा.

आता खरी मेख. या अकरा हजारांतला काही भार ट्रेलरच्या चाकांवर न पडता ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडणीवर, बसतो. बोटीच्या ट्रेलरला तो बहुतेक पाच ते दहा टक्के असतो. मी हजार पौंड धरले. हे हजार पौंड ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर जितकं वजन पेलू शकतो त्यातून, वजा होतात, आणि त्याच पेलोडमध्ये आम्ही चौघं, हौद्यातलं सामान आणि हिचचा लोखंडी तुकडासुद्धा बसवायचा असतो. आमची बेरीज १,८०० च्या पुढे गेली.

पेलोडचा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह, जे जे चढतं ते ते पेलोडमधून उतरतं. आणि तो आकडा छापलेला असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. दार उघडल्याशिवाय तो दिसत नाही. माझं घोडं अडलं ते इथे.

सेल्समनला मी फोनवर म्हटलं, "त्या स्टिकरचा फोटो पाठवा." त्याने काचेवरच्या किमतीच्या कागदाचा फोटो पाठवला. मी म्हटलं, हा नव्हे, दाराचा. मग ब्रोशरचं पान आलं, त्यात 'टोइंग १३,०००' वर, म्हणजे मागे १३,००० पौंड ओढायच्या क्षमतेवर, गोल केलेला. तिसऱ्यांदा मागितला तर म्हणे, "सर, या मॉडेलचे सगळे ट्रक सारखेच. बोटवाले आमच्याकडूनच नेतात."

ते १३,००० खोटे नसतात, हेही सांगतो. ओढायची क्षमता मोजायचं जे-२८०७ नावाचं एक मानक आहे. त्यात भरलेला ट्रेलर लावून ट्रक अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर भर उन्हात एसी पूर्ण चालू ठेवून चढवतात. पण आत माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. घरातली चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या त्या चढावर कुणी नेत नाही. इंजिन ओढतं हो, ओढणारच. मागच्या स्प्रिंगा, मागचा अ‍ॅक्सल आणि टायर यांचं काय?

शेवटी मी रविवारी डीलरच्या लॉटवर, म्हणजे ट्रक उभे असतात त्या आवारात, गेलो. शोरूम बंद, ट्रक रांगेने उभे, आणि प्रत्येकाचं दार कुलूपबंद! काचेला नाक लावून बघितलं तरी चौकट दिसत नाही. उघड्या दिवशी गेलो तर किल्ली हवी, किल्लीसाठी सेल्समन हवा, सेल्समनला आधी माझं लायसन्स, फोन नंबर, 'महिना किती भरायची तयारी आहे' आणि मॅनेजरची भेट हवी. मॅनेजरने मला कॉफी दिली आणि रंग विचारला. मी पेलोड विचारला. त्याने परत रंग विचारला.

काम केलं ते गाड्या धुणाऱ्या पोराने. तो एकेक ट्रक धुवायला नेत होता, किल्ल्यांचा जुडगा हातात. त्याला म्हटलं, जरा दारं उघडशील का? त्याने पटापट उघडली, मी फोटो काढत गेलो. ज्या अर्ध्या टनाच्या (अर्धा, पाऊण, एक टन ही ट्रकच्या आकाराची नावं, खरा भार नव्हे) ट्रकवर १३,००० चा गोल होता, त्याच्या दारावर १,४३० होते. म्हणजे बोटीचा हजाराचा भार चढवला की माणसांना उरले ४३०. आम्ही चौघं बसलो की गेलंच. पाऊण टनाच्या डिझेलवर २,१०० च्या आसपास, आणि तसाच पेट्रोलचा ट्रक २,९०० च्या वर! कारण साधं आहे: दोन्हींची एकूण वजनमर्यादा तीच, १०,००० पौंड, आणि डिझेलचं इंजिन मुळात जड. हे मॅनेजरला दाखवलं तर तो म्हणाला, "एवढं कुणी बघत नाही." मी उठलो.

ट्रक घेतला दुसरीकडून: एक टनाचा, मागे एकेरी चाकांचा, डिझेल, पेलोड ३,७०० च्या घरात. डिझेल का, तर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर गाडी रोखून धरणारा ब्रेक. उतारावर अकरा हजार पौंड मागून ढकलत असताना पाय सतत ब्रेकवर ठेवावा लागत नाही. मागची जोडचाकं मला नको होती, बोट पाण्यात उतरवायच्या अरुंद रॅम्पवर नुसती कटकट. फोर-व्हील लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, मात्र सोडू नका, ओल्या शेवाळलेल्या रॅम्पवर बोट वर काढताना त्याचीच गरज पडते.

हे आधी सांगायला हवं होतं: बोट जुनी असेल तर विकणाऱ्याला गळ घालून ती ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, न्यायला लावा. एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसता ट्रक असं वजन केलं की दोन्हींतल्या फरकातून बोट आणि ट्रेलरचा एकूण आकडा कळतो. शिवाय ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या चाकांवर जेवढं वजन वाढतं, तो हिचवरचा भार. आमच्या बोटीचं भरलं ११,३०० आणि हिचवर ९४०.

आणि ट्रेलरला सर्ज ब्रेक असतील तर रिव्हर्सची वायर तपासा. हे ब्रेक ट्रेलर ट्रकवर रेटला की आपोआप लागतात, त्यामुळे चढावर मागे घेतानाही लागतात. ट्रकचा रिव्हर्स लाइट लागला की ते सोडवणारा एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असतो आणि त्याला पाचवी वायर लागते. चार तारांचा अ‍ॅडाप्टर स्वस्तात मिळतो, तो घेऊ नका.