पैसे घेण्यासाठी टाकलेला पिन

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलेज रोडजवळची भाड्याची खोली सोडताना मी अभ्यासाचे टेबल १,००० रुपयांना विकायला काढले आणि जाहिरात टाकल्यावर तासाभरातच एका गृहस्थांचा फोन आला. टेबल न पाहता, घासाघीस न करता ते तयार झाले, तेव्हाच खरे तर शंका यायला हवी होती. खाते बरोबर आहे ना, हे तपासायला म्हणून त्यांनी आधी १० रुपये पाठवले आणि ते खरोखरच जमा झाले. मग यूपीआय ॲपवर १,००० रुपयांची रिक्वेस्ट, म्हणजे माझ्याकडेच पैशांची मागणी, आली. ‘पिन टाका, पैसे जमा होतील,’ असे ते फोनवर सांगत राहिले आणि बटणावर ‘पे’ लिहिलेले दिसत असूनही मी पिन टाकला. पैसे गेले. ‘सर्व्हरची चूक आहे, आता २,००० ची रिक्वेस्ट स्वीकारा, दोन्ही रकमा एकदम येतील,’ यावरही मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा पिन का टाकला, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

घाबरून मी बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू लागले, तेव्हा सोबत राहणारी मैत्रीण म्हणाली, “अगं थांब, कार्डाच्या मागे बघ. असे शोधून मिळालेले नंबरही कधी कधी याच लोकांचे असतात.” कार्डामागच्या क्रमांकावरून यूपीआय बंद करून घेतले. मात्र त्यानंतर, बाबांना काय सांगायचे या विचारात अर्धा तास गेला आणि मगच मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक विचारला गेला. रागाच्या भरात मी ते संभाषण डिलीट करणार होते; केले असते, तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करताना जोडायला स्क्रीनशॉटही उरले नसते.

दुसऱ्या दिवशी शाखेत अर्ज दिला, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्पष्टच सांगितले, “पिन तुम्ही स्वतः टाकला आहे.” रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची असेल, किंवा बँक व ग्राहक दोघांचीही नसून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नव्हता, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असायचे. मी या शेवटच्या प्रकारात मोडत होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पैसे वाचले ते १९३० मुळे. ज्या खात्यात २,००० रुपये पुढे वळवले होते, तिथे ते गोठवले गेले. १,००० रुपये मात्र माझ्या त्या अर्ध्या तासातच एटीएममधून काढले गेले होते. गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही, हे मला सायबर पोलीस ठाण्यात जबाब देताना कळले. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, तारखा पडल्या आणि आदेशाची प्रत पोहोचून पैसे खात्यात यायला पाच महिने लागले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोय बंद झाली आहे, पण ‘पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा’ ही थाप अजून चालतेच. यूपीआयला मी आता वेगळे खाते जोडले आहे आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवते. टेबल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नेले, ८०० रुपये रोख देऊन.