पियानो वाजवता वाजवता कंडक्टर
आज दिवसभर पियानिस्ट आणि कंडक्टर (म्हणजे हाताच्या खुणांनी ऑर्केस्ट्रा चालवणारा) डॅनियल बॅरेनबॉइमच ऐकतोय, मोत्सार्टचे पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना, आणि खरं सांगू, व्हिडिओ बघताना तर नजरच हटत नाही. पियानोचं झाकण काढून टाकलेलं, प्रेक्षकांकडे पाठ, समोर ऑर्केस्ट्रा, आणि हा माणूस एका हाताने वाजवतोय, दुसरा मोकळा झाला की लगेच हवेत, ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याकडे नुसती मान हलवली की तो बरोब्बर जागेवर येतो. कसलं भारी आहे हे!

१९४२ चा जन्म, ब्युनोस आयर्सचा, सातव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम. सोलो पियानिस्ट म्हणून आयुष्यभर जगभर फिरला असता तरी काही कमी नव्हतं. पण पुढे कंडक्टर म्हणून पॅरिसचा ऑर्केस्ट्रा, मग १९९१ ते २००६ शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि बर्लिनचा श्टाट्सओपर (ऑपेरा हाउस) तर १९९२ पासून थेट २०२३ पर्यंत.

मला वाटतं सोलोवाल्याला कंडक्टर होताना सगळ्यात अवघड हेच जात असणार की आता सूर आपल्या बोटांतून येणारच नाही, तो दुसऱ्याकडून काढून घ्यायचा, तोही एक शब्द न बोलता. याने मात्र पियानो कधी सोडलाच नाही, म्हणूनच असेल, ऑर्केस्ट्रा पण गायल्यासारखा वाजतो. या कॉन्चेर्टोंमधली स्लो मूव्हमेंट, म्हणजे संथ भाग, नक्की ऐका, हेडफोन लावून.