तुम्ही विचारलंत म्हणून: ६५०२ च का?

घरी कोणी आलं की टेबलावरचा वायरींचा पसारा बघून हमखास विचारतात, अहो, आता खिशातल्या मोबाइलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, मग साडेतीन हजार ट्रान्झिस्टरवाली ही ६५०२ नावाची म्हातारी प्रोसेसर चिप कशाला घेऊन बसलाय?

पहिलं कारण पैसा. १९७५ साली इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरची किंमत ३६० डॉलर होती, आणि चक पेडल नावाचा इंजिनिअर मोटोरोला या चिप बनवणाऱ्या कंपनीत सांगून दमला की बाबांनो स्वस्त चिप काढा, कोणी ऐकेना, मग तो काही जणांना घेऊन मॉस टेक्नॉलॉजी या दुसऱ्या चिप कंपनीत गेला आणि सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलच्या खोलीत बरणीत भरून ६५०२ विकायला बसला, २५ डॉलरला एक. बरणीत, लोणच्यासारखी! तळातल्या बऱ्याच चिप चालतच नव्हत्या म्हणे, पण बरणी भरलेली दिसायला हवी ना. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियॅक, त्याने हीच उचलली, कारण परवडली.

पण माझा जीव जडलाय तो त्याच्या १९७७ च्या ॲपल टू या कॉम्प्युटरवर. ६५०२ क्लॉकच्या, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या ठोक्याच्या, अर्ध्याच भागात मेमरीला हात लावते, उरलेला अर्धा भाग मेमरी रिकामीच. वॉझने काय केलं, त्या रिकाम्या वेळात पडद्यावर चित्र काढणाऱ्या व्हिडिओ सर्किटला तीच मेमरी वाचायला दिली, म्हणजे चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडं, पाळी ठरलेली, भांडण नाही. वर डायनॅमिक रॅम ही विसरभोळी मेमरी, तिला सारखी उजळणी लागते, ती त्या वाचण्यातच रिफ्रेश होते, त्यासाठी वेगळं सर्किट नको. चिप बघून आख्खं मशीन बेतलंय हो!

आमच्या शाळेत सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, त्यातही ६५०२ च, पण तेव्हा चपला बाहेर काढून आत जायचं एवढंच कळायचं.

आता माझ्याकडे आहे ती ६५सी०२, तिचीच सुधारलेली बहीण, अजून नवी मिळते, आणि हिचा क्लॉक थांबवला तरी चालतो, जुनीचा नाही चालायचा. डेटाच्या आठ पिनांवर १११०१०१० बांधून टाकलंय, म्हणजे 'काही करू नकोस, पुढे जा'. क्लॉकचा ठोका बटणाने हातानेच देतो; ते दोनदा दाबलं की ॲड्रेसचे, म्हणजे चिप मेमरीतली कुठली जागा बघतेय ते दाखवणारे, दिवे एक आकडा पुढे सरकतात.

परवा भाचा हाच प्रश्न घेऊन आला होता. बटण त्याच्या हातात दिलं. चहा गार झाला, पोरगं अजून मोजतंय.