हो, मांजरीसाठी कापूस थांबवला होता

तीन वर्षं झाली तरी लग्नात, बाजारात, एसटीत कोणी ना कोणी भेटते आणि विचारते, "भाऊ, तुमी म्हणे मांजरीसाठी कापूस विकाचा थांबवला होता, खरं हाय काय?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, "मंग काय भेटलं त्याच्यातून?" पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे, हो. दुसऱ्याचं उत्तर रस्त्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटपासून वीसेक किलोमीटर आत. गोष्ट जानेवारी 2023 ची. आधीच्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं, त्यामुळं त्या वर्षी ज्याच्या घरी जागा होती त्यानं कापूस घरात भरून ठेवला, आणि ज्याच्या घरी जागा नव्हती त्यानं खाटा अंगणात काढून जागा केली. आमची समोरची खोली आढ्यापर्यंत भरली होती, 24 क्विंटल. ज्यांच्या घरी कापूस राहतो त्यांना सांगायला नको, अंगाला खाज सुटते, कपड्याला तंतू, जेवणात तंतू, पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून आधी त्याच्यावर उडी मारतात, आणि रात्री घरात एकच विषय, भाव. सकाळी उठल्यावर मोबाईलवर भाव, चहासोबत भाव, शेजारी आला की भाव, झोपताना घरची विचारायची, "आज किती निंगाला जी?" मी सांगायचो आणि आम्ही दोघं अंधारात छताकडे पाहत पडून राहायचो.

शेवटी ठरवलं, आता देऊन टाकू. व्यापाऱ्यासोबत 8,200 नं सौदा झाला, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. आदल्या संध्याकाळी मी कापसात हात घालून पाहत होतो, ओल राहिली असली की कापूस आतून गरम होतो, म्हणून कोपऱ्या कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घालून पाहायची आपली सवय. खिडकीकडच्या कोपऱ्यात हात घातला तर खरंच गरम लागलं. मनात म्हटलं, झालं, भिजला वाटते. आणि ते गरम हाललं.

बॅटरी लावून पाहिलं. आमच्या घरी येजा करणारी एक मांजर होती, कोणाची म्हणून नव्हती, दूध काढायच्या टायमाला बरोबर हजर. तिनं कापसात वाटीसारखा खोल खड्डा केला होता आणि त्याच्यात ती आडवी, आणि तिच्या पोटाला चार पिल्लं. दोन काळी-पांढरी, एक पिवळं, एक तिरंगी. नुकतीच झालेली, अंग अजून ओलं, आणि ओल्या नाकाला कापसाचा एकेक तंतू चिकटलेला. मांजरीनं माझ्याकडं पाहिलं, ओरडली नाही, पळाली नाही, फक्त एक पाय पिल्लांवर टाकला.

मी मायला हाक मारली. माय आली, कमरेवर हात ठेवून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाळंतीण हाय ते. बाळंतिणीची खोली कोणी खाली करते काय?"

म्या म्हटलं, माय, सकाळी गाडी येते. टोपल्यात कापूस घालून पिल्लं कोठ्यात ठेवू. तर तिनं समजावलं आणि ते बरोबरच होतं. जागा हलवली की मांजरीचा जीव घाबरते, ती एकेक उचलून कुठं नेईल सांगता येत नाही, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. आणि बाहेर बोका होता. चार दिवसांपासून ओसरीवर घिरट्या घालत होता. बोका दुसऱ्याची पिल्लं मारून टाकतो, म्हणजे मांजर लवकर पुन्हा माजावर येते, हे गावात प्रत्येकानं कधी ना कधी डोळ्यानं पाहिलेलं असते. ती कापसाची खोली म्हणजे घरातली एकच खोली होती जिचं दार लावलं की फक्त खिडकीच्या तुटक्या गजातून ती बारीक मांजर आत येऊ शकत होती आणि तो जाडा बोका नाही. तिनं जागा विचार करूनच निवडली होती असं मला आजही वाटते.

व्यापाऱ्याला रात्रीच फोन केला. तो आधी समजलाच नाही, मग म्हणाला, "भाऊ, भाव कमी वाटत असन तं तसं सांगा ना, मांजरीचं नाव कायले घेता." मी म्हटलं नाही दादा, मांजरच आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात झालं.

आता काय भेटलं ते सांगतो.

पहिल्या दिवशी पिल्लू मोबाईलएवढं असते, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. डोळे बंद, कानही बंद, त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. तरी चाचपडत चाचपडत ते आचळापर्यंत जाते, वासावर आणि ऊबेवर. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचं आचळ ठरून गेलं, पिवळं नेहमी मागच्या, तिरंगी त्याच्या बाजूच्या, आणि चुकून दुसरं तिथं गेलं की जी ढकलाढकली चालायची, आवाज नाही, नुसती इवल्याशा डोक्यांची रेटारेटी. पिताना पुढचे दोन पंजे आईच्या पोटावर चालत राहतात, एक डावा एक उजवा, एक डावा एक उजवा, कणीक मळल्यासारखे, त्यानं पान्हा सुटते. आणि त्या वेळी ती घुरघुर. आईची मोठी आणि तिच्या खाली पिल्लांची बारीक, कान लावला तरच ऐकू येते. मी कापसावर पालथा पडून ऐकलं आहे, रात्री साडेदहाला, चाळीस वर्षांचा माणूस, आणि उठावंसं वाटलं नाही.

नवव्या दिवशी तिरंगीचा एक डोळा उघडला. फक्त एक, आणि तोही अर्धा. माझा पोरगा तेव्हा सहा वर्षांचा, तो धावत वावरात आला सांगायला, चप्पल न घालता, काट्यातून. "बाबा, तिनं मले पायलं!" खरं म्हणजे तिला तेव्हा धुरकटच दिसत असणार, पण मी म्हटलं हो, पाहिलंच असेल. दुसऱ्या दिवशी दुसरा डोळा. निळा रंग, सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात, दीड-दोन महिन्यांत बदलत जातात. तिरंगी आहे म्हणजे ती मादी, हे माय न पाहता बोलली आणि ते खरं निघालं, मांजरीत काळा आणि पिवळा हे दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात आणि ती सहसा मादीतच असतात, म्हणून तिरंगी जवळपास नेहमी मादीच. मायला गुणसूत्र माहीत नाही, तिला मांजरी माहीत आहेत.

आणि संध्याकाळ. रोज संध्याकाळी जेवण झालं की आम्ही सगळे त्या खोलीच्या दारात बसायचो, आत जायचं नाही हा मायचा नियम, दारातूनच. पोरगी, पोरगा, घरची, माय, कधी शेजारची वहिनी तिच्या लेकराला घेऊन. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. आज कोणतं पिल्लू कापसाच्या उतारावरून घसरलं, कोणतं परत चढलं, एवढंच. त्या 20 दिवसांत त्या घरात त्या टायमाला भावाचा विषय कोणी काढला नाही. त्याच कापसासमोर बसून. घरची एकदा मला म्हणाली, "किती दिवसांनी तुमी हासले जी." मला आठवलं नाही की आधी कधी हसलो होतो.

माझी पुतणी अमरावतीला झूलॉजी शिकते, ती सुट्टीत आली तेव्हा तिनं सांगितलं की याच्यावर अभ्यास झाला आहे. कोनराड लोरेंझ म्हणून ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ होते, ज्यांना पुढं 1973 मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी 1943 मध्येच मांडलं होतं की अंगाच्या मानानं मोठं डोकं, पुढं आलेलं कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड गुबगुबीत हातपाय आणि ते धडपडणं, एवढं दिसलं की माणसाच्या आत लेकराला सांभाळायची ओढ जागी होते, मग लेकरू माणसाचं असो नाहीतर कुत्र्याचं. मला ते एकदम पटलं. आठ दिवसांच्या वासराचं कपाळ पाहा. करडाचे गुडघे पाहा, अंगापेक्षा मोठे. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी नंदी सजवून बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागत फिरतात, आमचा पोरगा एका वर्षी अडून बसला की मी खरा गोऱ्हाच नेणार, दीड महिन्याचा, त्याला बेगड लावलं, गळ्यात घुंगरू, आणि ज्या दारात गेला त्या दारात माणसं बोजारा द्यायचं विसरून त्याच्या कपाळावर हात फिरवत बसली.

पण लोरेंझसाहेबांच्या त्या यादीत मी माझ्याकडून आवाज घालीन. आमच्याकडे कोंबडी रवणीला बसवली की 21 व्या दिवशी पिल्लं निघतात, पण त्याच्या एक दिवस आधी अंड्यातूनच चिवचिव सुरू होते, कवच फुटायच्या आधी, आणि खुडूक कोंबडी वरून हळू आवाजात उत्तर देते. माय ते अंडं माझ्या कानाला लावायची लहानपणी. बंद अंड्यातून कोणी तरी बोलून राहिलं आहे. त्याला बाहेरून फोडून मदत करायची नाही, ते स्वतः टोचा मारून फोडते, मधे तासनतास थांबते, थकते, परत मारते, आणि आपण टोपल्याजवळ बसून असतो, कामाला जायचं विसरून. तिथं तर डोळे, गाल, काहीच दिसत नाही. नुसता आवाज असते आणि तेवढ्यानं माणूस जागचा हालत नाही.

त्याच हिवाळ्यात बकरीला तीन पिल्लं झाली. दोघांना तिनं चाटून कोरडं केलं, तिसऱ्याकडं पाहिलंच नाही. ते चुलीजवळ आणलं, पोराच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत घातलं, बाहीला दोन भोकं पाडून पुढचे पाय काढले. चीक पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते, म्हणून बकरी धरून वाटीत पिळून बोटानं पाजला. त्या पिल्लाची जीभ खरखरीत नव्हती, गुळगुळीत आणि थंड होती, ते थंडपण अजून बोटाला आठवते. चवथ्यांदा पाजलं तेव्हा पिल्लानं बोट ओढलं. ओढ लागली बोटाला! आठव्या दिवशी ते करडू बसलेल्या बैलाच्या पाठीवर उडी मारून उभं होतं आणि बैल शांत रवंथ करत होता. माझ्याकडून खोटं लिहिणं होणार नाही, आम्ही बोकड विकतो, बकऱ्या त्यासाठीच पाळल्या आहेत, आणि ज्या दिवशी विकतो त्या दिवशी घरात पोरं जेवत नाहीत. त्याच्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण जितके दिवस ते आपल्या दावणीला आहे तितके दिवस त्याला प्रेमानं वागवायचं, यात विकण्याचा काही संबंध येत नाही.

काही लोक म्हणतात, मांजर ठेवली बरं झालं, उंदीर कमी होतात, आणि उंदीर कमी झाले की सापही कमी येतात. खरं आहे. तुरीची पोती वाचतात. पण मी त्या रात्री फोन केला तेव्हा उंदराचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, उगाच तसं सांगणार नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, कारण नंतर बरेच जण पिल्लू मागायला आले. दोन महिने पूर्ण झाल्याशिवाय कोणालाच दिलं नाही. लवकर तोडलं की पिल्लू चावरं होते, भित्रं होते, कधी तर जगतही नाही. आणि लाडानं वाटीभर गाईचं दूध समोर ठेवू नका, हगवण लागते, इवल्याशा जिवाला ती झेपत नाही.

विसाव्या दिवशी सकाळी मांजरीनं स्वतःच खोली रिकामी केली. पिल्लं तोवर लटपटत चालायला लागली होती. मानगूट धरून एकेक उचललं, तोंडात धरलं की पिल्लू अंग ढिलं सोडून देते, शेपटी पोटाशी, आणि चार खेपांत सगळी स्वयंपाकघरात, तुरीच्या पोत्यांमागं. चौथी खेप झाल्यावर ती परत आली, त्या खड्ड्यात उतरून एकदा सगळीकडं हुंगून पाहिलं, कोणी राहिलं तर नाही ना. मग गेली. मग मी व्यापाऱ्याला फोन लावला.

कापूस 8,000 नं गेला. क्विंटलमागे 200, म्हणजे 4,800 रुपये कमी. गावात ज्यांनी मे महिन्यापर्यंत वाट पाहिली त्यांना याच्याहूनही कमी मिळाले, पण ते काही मी मांजरीच्या खात्यावर जमा धरत नाही. 4,800 गेले ते गेले, आणि आमच्यासारख्याच्या घरी ती रक्कम लहान नाही, पोरीच्या वह्या-पुस्तकांचं त्या वर्षी जरा ओढून ताणून केलं.

पिवळा बोका बहिणीकडं गेला, काळे-पांढरे दोघं शेजारी. तिरंगी आमच्याकडं राहिली. पोरानं तिचं नाव सरकी ठेवलं, कापसातून निघाली म्हणून.

यंदा कापूस निघाला तेव्हा मायनं पहिल्या वेच्यातला टोपलंभर चांगला पांढरा कापूस आधीच बाजूला काढला आणि त्याच खिडकीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तुटका गज मी मुद्दाम बसवलेला नाही. सरकीचं पोट आता चालताना दोन्ही बाजूंनी हलते, काल दिवसभर ती त्या टोपल्यात बसून कापूस पायानं आतबाहेर करत होती. माय म्हणते आठ दिवस, मी म्हणतो पाच.