मुंबईत एकटीनं रात्रीचे फोटो: तीन रात्री आणि पी. डिमेलो रोडचा तो पट्टा

आत्ता कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलेय, कर्जत गेलं, खिडकीची सीट मिळालीय, डोळे मिटतायत पण झोप लागत नाहीये, म्हणून म्हटलं सगळं ताजं आहे तोवर लिहून काढावं. मिरजेला पोचेपर्यंत अर्धं विसरेन आणि मग मीपण इतरांसारखं "मुंबई एकदम सेफ आहे, बिनधास्त जा" एवढंच सांगत फिरेन. तेच मला सांगितलं होतं. तीन वेगवेगळ्या लोकांनी. एकानं तर व्हिडिओत सांगितलंय की सीएसएमटीवरून भाऊच्या धक्क्याला, म्हणजे मासळीच्या बोटी लागतात त्या बंदराला, पहाटे चालत जा, पंचवीस मिनिटं लागतात, मस्त वॉक आहे. तो माणूस त्या रस्त्यानं पहाटे चाललेला नाही. हे मी आता खात्रीनं सांगते.

प्लॅन असा होता. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं यायचं, फोर्टात स्टेशनजवळ लॉज, तीन रात्री. पहिली सीएसएमटी आणि मरीन ड्राइव्ह, दुसरी वांद्रे, तिसरी म्हणजे पहाट भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून थेट गाडी. सामान कमी: एक कॅमेरा बॉडी, कमी उजेडात चालणारी ३५ एमएम एफ १.८ लेन्स आणि एक वाइड लेन्स, छोटा ट्रायपॉड. दिवाळी होऊन गेलेली, नोव्हेंबर.

पहिली रात्र. सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की रात्रीचे चांगले फोटो बारा-एकनंतर मिळतात. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि सीएसएमटीचे दिवे लागलेले असतात, तोच तुमचा फोटो. नंतर आकाश काळं पडतं आणि इमारत कापून चिकटवल्यासारखी दिसते. शिवाय गाड्यांच्या लाइटच्या रेघा हव्या असतील तर गाड्या लागतात की नाही? साडेसहा ते नऊ बेस्टच्या बसेसची रांग असते, डबलडेकर आली की लाल रेघ वरपर्यंत जाते, काय सुंदर दिसतं ते. महापालिकेच्या इमारतीकडच्या कोपऱ्यावर थांबा, तिथं सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते, फेरीवाले असतात, पोलीस असतात, कोणी तुमच्याकडे बघत नाही. कॅमेऱ्याचं सेटिंग: आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं ते) ११, शटर दहा ते पंधरा सेकंद उघडं. दोन्ही इमारती आर्किटेक्ट फ्रेड्रिक विल्यम स्टीव्हन्सच्याच, स्टेशन १८८८ चं आणि महापालिका १८९३ ची, त्यामुळे दोन्ही एका फ्रेममध्ये घेतल्या तर नातं कळतं, वाइड लेन्स त्यासाठीच न्या. स्टेशनच्या आत प्लॅटफॉर्मवर मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड काढू नका, त्याला परवानगी लागते, बाहेरून हवं तेवढं काढा.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नाही. लॉजच्या एसी रूममधून कॅमेरा काढून तसाच बाहेर आणला की लेन्सवर धुकं. पुसलं की परत येतं. माझी त्या निळ्या उजेडातली पहिली दहा मिनिटं त्यात गेली, आणि असतात किती, पंचवीस! त्यामुळे बॅग एसीत उघडी ठेवू नका, निघायच्या अर्धा तास आधी बॅग बंद असतानाच बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवा आणि स्वतः तिच्याजवळ थांबा.

मरीन ड्राइव्हला ट्रायपॉड लावला आणि पाच मिनिटांत हवालदार आले. नीट बोलले, "ताई, स्टँड लावायचं तर परवानगी पाहिजे." मी वाद घातला नाही, तुम्हीपण घालू नका. तिथं कट्टा एवढा रुंद आहे की ट्रायपॉडची गरजच नाही, कापडी पिशवीत किलोभर तांदूळ घ्या (मी किराणा दुकानातून घेतले), कट्ट्यावर ठेवा, त्यात कॅमेरा दाबून बसवा, दोन सेकंदांचा टायमर. वीस सेकंदांचं एक्स्पोजरसुद्धा हललं नाही. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र मनगटाला गुंडाळलेला हवा. आणि वेगळा अँगल मिळावा म्हणून खाली टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरू नका, शेवाळ असतं आणि दोन ठोकळ्यांत पाय गेला तर रात्री तुमचा आवाज वर कोणाला ऐकू जाणार नाही. अकरापर्यंत कट्टा घरासारखा वाटतो, कुटुंबं, कॉलेजची पोरं, सायकलवरचा चहावाला. मी साडेअकराला उठले.

दुसरी रात्र वांद्रे रेक्लमेशन, सी लिंक. चांगली गेली. लोक फिरायला येतात, फूटपाथ रुंद आहे, फोटो मिळाले, तिथं रिक्षा मिळते आणि मीटरनं येते. याच्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. परतताना लोकलच्या महिला डब्यात बसले. दाराशी फोन किंवा कॅमेरा हातात घेऊन उभं राहायचं नाही एवढंच, रुळांशेजारी उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर फटका मारून फोन पाडणारे असतात, गाडी स्टेशनाबाहेर हळू झाली की तेच त्यांचं काम.

आता मुद्द्याची गोष्ट.

भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या बोटी पहाटे लागतात, लिलाव उजाडायच्या आधी, म्हणून साडेचारला तिथं हवं. मी पावणेचारला लॉजमधून निघाले. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत हे माहीत असू दे, टॅक्सीच. स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला विचारलं, म्हणाला चारशे. तीन-साडेतीन किलोमीटरला चारशे! काळीपिवळीचं मिनिमम ३१ रुपये दीड किलोमीटरला, रात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त, कसंही धरलं तरी शंभरच्या आत बसतं. मीटर टाका म्हटलं तर त्यानं काच वर केली. दुसरा तीनशे म्हणाला. ॲपवर गाडी सापडत नव्हती. मला राग आला, आणि डोक्यात तो व्हिडिओ होता, पंचवीस मिनिटं, मस्त वॉक. मॅपवर चाळीस दिसत होती. म्हटलं चाळीस तर चाळीस, मी गडावर चढणारी बाई आहे, चालेन.

इथंच चुकलं. चालता येणं आणि तिथनं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवातीची दहा मिनिटं ठीक. जीपीओ, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस आलं, त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय, आमच्याकडनं विजापूर जवळ, त्यामुळे अंधारातसुद्धा ओळखीचं वाटलं. मग पी. डिमेलो रोडला लागले आणि पुढं पुढं माणसं संपत गेली. एका बाजूला बंदराची भिंत, लांबच लांब, एकही दार नाही दुकान नाही. दुसऱ्या बाजूला ट्रक उभे, एकामागे एक, काही ठिकाणी दोन रांगा. फूटपाथवर माणसं झोपलेली त्यामुळे रस्त्यावर उतरून ट्रकच्या कडेनं चालायचं, म्हणजे तुम्ही रस्त्यावरून कोणाला दिसत नाही आणि दोन ट्रकच्या फटीत कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही. पुढं ईस्टर्न फ्रीवेचे खांब सुरू होतात, वरून गाड्या सुसाट जातात, त्या आवाजात मागची चाहूल लागत नाही. कुत्र्यांची टोळी होती ती वेगळीच. ट्रायपॉड हातात आडवा धरून हळू चालले, पळाले असते तर मागे लागली असती.

स्कूटरवर दोघं होते. एकदा शेजारून गेले. पुढून वळून परत आले, हळू झाले, "कहाँ जाना है मॅडम, छोड देते है." मी काही बोलले नाही. ते गेले आणि तिसऱ्यांदा मागून आले तेव्हा मात्र माझे हात गार पडले. पाठीवर साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा होता पण त्या वेळी कॅमेऱ्याचं काहीच वाटत नव्हतं. तुमचा फोटोचा स्पॉट कितीही सेफ असला, लोक असले, लाइट असले, तरी दोन स्पॉटच्या मधला हा रस्ता कोणी बघितलेला नसतो, कोणी त्याचा व्हिडिओ टाकत नाही. मी तीन दिवस जागांची माहिती काढली होती. रस्त्याची काढली नव्हती.

पुढं दोन ट्रकच्या मध्ये स्टोव्ह पेटलेला दिसला, चार ड्रायव्हर चहा करत बसलेले. ट्रकवाल्यांबद्दल आपल्याला लहानपणापासून काय काय सांगितलेलं असतं. मी सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "काका, जरा थांबू का इथं." एक वयस्क काका उठले, स्कूटरकडे बघत रस्त्यावर जाऊन उभे राहिले, स्कूटर गेली ती गेलीच. मग मराठीतच म्हणाले, "ताई, इथनं चालत कुणी जात नाही, कुणी सांगितलं तुला?" चहा दिला. त्यांनीच एक रिकामी टॅक्सी हात करून थांबवली आणि ड्रायव्हरला बजावलं की मीटरनं सोड. धक्क्याच्या गेटपर्यंत मिनिममच पडलं, रात्रीच्या दरानं ३९ रुपये. चारशे कुठं आणि एकोणचाळीस कुठं. पण आता मला विचाराल तर ते चारशे द्या. भांडून, मनात शिव्या देऊन, पण द्या, आणि गाडीचा नंबर बहिणीला पाठवा. किंवा आदल्या संध्याकाळीच लॉजच्या मॅनेजरला सांगून ओळखीचा टॅक्सीवाला ठरवा, हे मी आधीच करायला हवं होतं.

माझं लाइव्ह लोकेशन बहिणीकडे चालू होतं, पण ती झोपलेली. पहाटे चारला झोपलेल्या माणसाकडे लोकेशन असून काय उपयोग, म्हणून आता आमचं ठरलंय, पोचल्याचा मेसेज ठरल्या वेळेला नाही आला तर तिनं फोन करायचा आणि तिचा गजर तेवढ्यासाठी लावलेला असायचा. ११२ हा मदतीचा नंबर फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर ठेवा. आणि ट्रायपॉड बॅगेच्या बाहेर लटकवू नका, आत बसत नसेल तर छोटा घ्या, लांबूनच कळतं बॅगेत काय आहे ते.

धक्का मात्र! काय सांगू. बोटी शेजारी शेजारी लागलेल्या, बोटीवरून क्रेट फेकतात आणि खालचा माणूस झेलतो, बर्फाचा चुरा उडतो, दिव्यांच्या उजेडात तो चमकतो, कोळंबीचे ढीग, बोंबील, माकूल, कोळणींचा लिलाव, आवाज एवढा की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. मघाची सगळी भीती अर्ध्या तासात उतरली. एका मावशींना विचारलं, "काढू का फोटो?" त्या म्हणाल्या, "काढ, पन वाटंत उभी राहू नको." हीच तिथली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. हमाल डोक्यावर पाटी घेऊन पळत असतात, ते थांबू शकत नाहीत, तुम्ही बाजूला व्हायचं. खांबाला किंवा भिंतीला पाठ लावून एका जागी थांबा, लोक फ्रेममध्ये आपोआप येतात. आधी विचारा, काढलेला दाखवा, नको म्हटलं तर कॅमेरा खाली. ट्रायपॉडचा इथं काही उपयोग नाही, अडथळाच होतो. मी ३५ लावली, एफ २, आयएसओ ३२०० आणि शटर १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/२०० किंवा १/२५० वर काही दिव्यांखाली फोटोत पट्टे येतात, माझे पहिले तीसेक फोटो त्यात गेले. १/१०० किंवा १/५० वर येत नाहीत. लेन्स बदलू नका, हवेत पाणी आणि खवले. बूट असे घाला जे नंतर धुता येतील आणि घसरत नाहीत, माझ्यासमोर एक पोरगा कॅमेऱ्यासकट आडवा झाला. आणि हे बंदर आहे, मोठी जहाजं, सुरक्षेची गेटं यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, कोणी गणवेशातला माणूस बंद करा म्हणाला तर लगेच बंद. ड्रोन घरी.

सहा वाजता भरलेलं कार्ड काढून आतल्या खिशात ठेवलं, दुसरं टाकलं, हे प्रत्येक रात्री करा, कॅमेरा गेला तरी फोटो राहतात. उजाडल्यावर डॉकयार्ड रोड स्टेशनला चालत गेले, टोपल्या घेतलेल्या बायकांच्या बरोबरीनं, काही वाटलं नाही. तिथनं हार्बर लाइननं सीएसएमटी, तिकीट पाच रुपये. लॉजवर अंघोळ, ८:४० ची कोयना.

म्हणजे येताना पाच रुपये आणि जाताना तो सगळा प्रकार. कोणाला वेळ जमत असेल तर पहाटेच्या पहिल्या लोकलची वेळ ॲपमध्ये बघा, थोडे उशिरा पोचाल, सुरुवातीच्या काही बोटी चुकतील. चुकू देत. सातपर्यंत काम चालूच असतं.

ट्रायपॉडचे पाय घरी गेल्यावर साध्या पाण्यानं धुवा, खोलून सुकवा, खारं पाणी राहिलं तर सांधे धरतात. त्या ड्रायव्हर काकांचा एक फोटो आहे, स्टोव्हच्या उजेडातला, थरथरत्या हातानं काढलेला म्हणून थोडा हललाय, तरी तिन्ही रात्रींतला मला तोच सगळ्यात जास्त आवडलाय. नंबर घ्यायचं सुचलं नाही. ट्रकची पाटी सांगली पासिंगची होती, एमएच १०, एवढं फोटोत दिसतंय.